अभ्यास आपल्या आवडीचा असला तरी

नवजात बालकांच्या आरोग्यावरची कोणतीही बैठक, प्रशिक्षण किंवा भाषण घ्या. आमच्या भागात एक आकडा हमखास ऐकू येतो. ‘६२ टक्के’. गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असे वाक्य असते. सांगणाऱ्याचा आवाज थोडा चढतो, ऐकणाऱ्याची मान ताठ होते. ते स्वाभाविक आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते आणि वैनगंगेपलीकडच्या या कामाने जगाच्या पाठ्यपुस्तकांत जागा मिळवली.

वैद्यकीय संशोधनावर विश्वास कधी ठेवावा आणि किती ठेवावा, असा प्रश्न वाचक वारंवार विचारतात. त्यासाठी औषध कंपन्यांची उदाहरणे देणे सोपे असते. तिथे संशय घ्यायला कुणाचीच हरकत नसते. मला वाटते, तराजूची परीक्षा आपल्याच घरच्या मालावर करावी. म्हणून आज हा ६२ टक्क्यांचा अभ्यास घेऊ. तो मला आवडतो. त्या कामाबद्दल मनात आदर आहे आणि म्हणूनच त्याला चार प्रश्न जास्त विचारायला हवेत.

आधी अभ्यास काय होता ते पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतली ३९ गावे सेवेसाठी घेतली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९३ ते १९९५ या काळात दोन्हीकडचे जन्म-मृत्यू नुसते मोजले. त्यानंतर सेवेच्या गावांत तिथल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळंतपणाला हजर राहणे, न रडलेल्या बाळाला मास्कने श्वास देणे, ऊब राखणे, अंगावर पाजण्यात मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, इतके काम त्यांनी केले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सुरुवातीला सेवेच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती, तुलनेच्या गावांत ५८. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतला दर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळजवळ होता तिथेच राहिला. त्या फरकाचे गणित म्हणजे ते ६२ टक्के.

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट ६२ हा आकडा नाही, ती ४७ गावे आहेत. ती नसती तर कुणीही म्हणाले असते, की त्या चार-पाच वर्षांत रस्ते झाले, लसीकरण वाढले, शिक्षण वाढले, मृत्यू आपोआपच कमी झाले असतील. शेजारच्या गावांत हे सगळे होऊनही दर हलला नाही, हे दिसले म्हणून सेवेला श्रेय देता येते.

तुलनेचा गट नसला किंवा चुकीच्या रुग्णांवर तुलना केली तर काय होते, ते आपण जून २०२० मध्ये पाहिले. ‘कोरोनिल’ बाजारात आणताना पतंजलीने सांगितले, की तीन दिवसांत ६९ टक्के आणि सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे झाले. जयपूरच्या एका खासगी संस्थेत शंभरेक लोकांवर चाचणी झाली होती आणि ते रुग्ण लक्षणे नसलेले किंवा सौम्य लक्षणांचे होते. अशा रुग्णांपैकी बहुतेक सगळे आठवड्याभरात कशानेही बरे होतात, काहीही न घेता बरे होतात. माझी आजी सर्दीबद्दल सांगायची, औषध घेतले तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतले तर आठवड्यात. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवायला सांगितली आणि महाराष्ट्र सरकारने विक्रीला मनाई केली. पण ‘शंभर टक्के’ हे शब्द तोवर घरोघर पोहोचले होते.

मग गडचिरोलीच्या अभ्यासात खोट काढायला जागा नाही का? आहे, आणि ती मोठी आहे. कोणती गावे सेवेत आणि कोणती तुलनेत, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. चिठ्ठ्या टाकणे हा प्रकार पोरखेळासारखा वाटतो, पण वैद्यकीय संशोधनात त्याहून प्रामाणिक हत्यार अजून सापडलेले नाही. संशोधकाने स्वतः गट पाडले की नकळत बरी गावे, संस्थेच्या ओळखीची गावे, सहकार्य करणारी गावे एका बाजूला जातात. ‘सर्च’चे त्या पट्ट्यात आधीपासून काम होते. १९९० मध्ये त्यांचा बालकांच्या न्यूमोनियावरचा अभ्यास याच भागातून आला होता. तेव्हा सेवेच्या गावांतल्या लोकांचा संस्थेवर विश्वास जास्त असणे शक्य आहे. संशोधकांची बाजू अशी, की सुरुवातीचे दर जवळपास सारखे होते आणि सेवेच्या गावांतला दर उलट थोडा जास्तच होता. ही बाजू वजनदार आहे. तरी चिठ्ठीची जागा ती पूर्ण भरून काढत नाही, कारण मोजलेल्या गोष्टी सारख्या असल्या म्हणून न मोजलेल्या गोष्टी सारख्या असतील असे नाही.

दुसरा प्रश्न, मृत्यू कुणी मोजले? हा आमच्या भागात सर्वात अवघड प्रश्न आहे. चार दिवसांचे बाळ गेले तर पुष्कळ घरांत त्याची नोंद ना जन्मात होते, ना मृत्यूत. बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसते आणि नाव नसलेल्याला सरकारदरबारी जागा नसते. २००१ मध्ये बंग दांपत्य आणि राज्यातल्या इतर स्वयंसेवी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला, त्याचा गाभा हाच होता, की महाराष्ट्रात बालमृत्यू होतात त्याहून फार कमी नोंदले जातात. आता विचार करा. ज्या गावात कुणी रोज येऊन बाळ पाहते, तिथे मृत्यू लपणार नाही. जिथे कुणी येत नाही, तिथे लपेल. म्हणजे मोजणी ढिली असती तर फायदा तुलनेच्या गावांना झाला असता आणि सेवेचा परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसला असता. गडचिरोलीत दोन्हीकडे मोजणीची पद्धत सारखी ठेवली होती, हे त्या अभ्यासाचे बळ. प्रत्येक त्रुटी निष्कर्षाला फुगवतेच असे नाही, ती कोणत्या दिशेने ढकलते हे पाहावे लागते. टीकाकार नेमके हे विसरतात. ‘यात दोष आहे’ एवढे म्हणून अभ्यास फेकून देणे ही आळशी टीका झाली.

मोजणीचीच दुसरी बाजू म्हणजे कोण मोजले गेले. बंग यांचाच १९८९ चा ‘लॅन्सेट’मधला अभ्यास घ्या. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली आणि ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी रोग आढळला. त्याआधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. या अभ्यासाने ग्रामीण स्त्रियांचा जो प्रश्न कुणी विचारतच नव्हते तो जगासमोर आणला. पण पुढे तो आकडा वर्तमानपत्रांत आणि भाषणांत ‘भारतातल्या ९२ टक्के ग्रामीण स्त्रिया’ असा फिरू लागला. दोन गावांचा देश झाला. तपासणीला कोण आल्या, कोण आल्या नाहीत, ‘रोग’ या शब्दात काय काय धरले, हे प्रश्न मागे पडले. बहुतेक स्त्रियांना त्रास आहे आणि उपचार नाहीत, हा निष्कर्ष मी आजही डोळे झाकून मान्य करीन, कारण बाह्यरुग्ण विभागात तो रोज समोर बसतो. ९२ हा आकडा मात्र मी दुसऱ्या जिल्ह्याला लावणार नाही. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. तिच्या फेरविचारासाठी लोकांकडून निवेदने मागवली गेली आणि आलेल्या कागदांची संख्या जनमत म्हणून मिरवली गेली. ज्यांनी पाठवले तेच मोजले गेले. घरात रात्री मार खाणारी बाई टपाल कचेरीत जात नाही.

तिसरा प्रश्न स्वार्थाचा. अभ्यासाला पैसा कुणी दिला, हे आता वाचकही विचारू लागले आहेत आणि ते बरे आहे. औषध कंपनीच्या पैशातून झालेले अभ्यास कंपनीला अनुकूल निघण्याचे प्रमाण इतर अभ्यासांपेक्षा जास्त असते, हे ‘कॉक्रेन’ या संस्थेने शेकडो अभ्यास एकत्र पाहून दाखवले आहे. आकडे खोटे असावे लागत नाहीत. आपल्या औषधाची तुलना दुबळ्या औषधाशी करावी, किंवा चांगल्या औषधाशी पण कमी मात्रेत करावी, इतके पुरते. प्रतिनिधी गुळगुळीत कागदावर आलेख दाखवतात, त्यात उभ्या रेघेची सुरुवात शून्याऐवजी ऐंशीपासून असते आणि दोन टक्क्यांचा फरक ताडामाडाएवढा दिसतो.

पण स्वार्थ पैशाचाच असतो असे नाही. गडचिरोलीत कुणी काही विकत नव्हते. तिथला कल दुसरा होता. ज्यांनी ही पद्धत शोधली, त्यांनीच राबवली आणि त्यांनीच मोजली. आपल्या आयुष्यभराच्या कामाने बाळे वाचावीत असे कुणाला वाटणार नाही? प्रेमाचा पासंग पैशाच्या पासंगापेक्षा हलका नसतो, फक्त तो दिसत नाही. आणि तो वाचकाकडेही असतो. आपल्या मातीतला अभ्यास म्हटला की आपण प्रश्न कमी विचारतो, मुंबईच्या किंवा परदेशी कंपनीचा म्हटला की जास्त.

या पासंगावर इलाज एकच, दुसऱ्याने दुसऱ्या जागी तेच करून पाहणे. आणि गडचिरोलीच्या अभ्यासाचे खरे मोठेपण इथे आहे, की तो दुसऱ्यांना करून पाहता आला. बांगलादेशात सिल्हेटमध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडले. २००८ मध्ये निष्कर्ष आला, गृहभेटींच्या गटात अखेरच्या टप्प्यात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. पाकिस्तानात सिंधमधल्या हाला भागात तिथल्या सरकारी आरोग्यसेविकांकडून काम करून घेतले. २०११ मध्ये आकडा आला १५ टक्के. आफ्रिकेत घानामध्ये २०१३ ला घट दिसली ८ टक्के आणि तीही योगायोग नाही असे छातीठोकपणे सांगता येईना. २०१० मध्ये दिल्लीच्या डॉ. गोगिया आणि डॉ. सचदेव यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा घट ३८ टक्के निघाली होती. घानाच्या संशोधकांनी चालू सरकारी यंत्रणेतून केलेले प्रयोग एकत्र पाहिले तेव्हा ती १२ टक्के निघाली.

६२, ३४, १५, ८. ही उतरंड पाहून दोन प्रकारची माणसे दोन गोष्टी म्हणतात. एक म्हणतात, बघा, मूळ आकडा फुगलेला होता. दुसरे म्हणतात, गडचिरोलीत नीट केले, इतरांनी नीट केले नाही. मला दोन्हींत थोडे थोडे तथ्य दिसते. पहिल्या आणि उत्साही अभ्यासातला परिणाम पुढच्या अभ्यासांत कमी होत जातो, हे वैद्यकात जवळजवळ नेहमीचेच आहे. मात्र काम वेगळे होते हेही तितकेच खरे आहे. गडचिरोलीत तिसऱ्या वर्षी ९३ टक्के बाळांपर्यंत सेवा पोहोचली होती. आरोग्यदूताच्या हातात इंजेक्शन होते, तिच्यावर नियमित देखरेख होती. इतर ठिकाणी या गोष्टी कुठे कमी, कुठे नाहीतच. औषध अर्धे दिले तर गुण पुरता येणार नाही. आकडा घसरला तरी दिशा बदलली नाही, एवढे मात्र या सगळ्या अभ्यासांतून निश्चित दिसते.

मोठ्या नियतकालिकाचे नाव पुरेसे आहे का, हा प्रश्न राहिला. नाही. ज्या ‘लॅन्सेट’ने गडचिरोलीला जगाचे दार उघडले, त्याच ‘लॅन्सेट’ने मे २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा एक अभ्यास छापला, ६७१ रुग्णालये, ९६ हजारांवर रुग्ण. मूळ माहिती दाखवा म्हटल्यावर ती पुरवणाऱ्या कंपनीला दाखवता आली नाही आणि दोन आठवड्यांत अभ्यास मागे घ्यावा लागला. गडचिरोलीची गावे मात्र जागेवर आहेत, ज्याला जाऊन पाहायचे त्याने पाहावे. रुग्णांची संख्या मोठी असल्याने अभ्यास खरा ठरत नाही आणि गावे थोडी असल्याने खोटा.

चांगला अभ्यास हातात असूनही तो न वाचण्याची किंमत आपण दुसऱ्या लाटेत मोजली. २९ जून २०२० रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते राज्यात ‘प्लॅटिना’ प्रकल्प सुरू झाला. कोविडसाठी प्लाझ्मा देण्याची जगातली सर्वात मोठी चाचणी असे त्याचे वर्णन झाले आणि त्याचे केंद्र आपल्या नागपुरात होते. चाचणी करणे योग्यच होते. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ३९ रुग्णालयांतली, ४६४ रुग्णांवरची, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. प्लाझ्मा दिलेल्यांपैकी १९ टक्के रुग्ण गंभीर झाले किंवा दगावले, न दिलेल्यांपैकी १८ टक्के. म्हणजे उपयोग शून्य. आपल्या देशातली, सरकारी पैशातली, कुणाचाही माल विकायचा नसलेली, उत्तम अशी ही चाचणी. तरी एप्रिल २०२१ मध्ये चंद्रपूर-बल्लारपूरचे नातेवाईक प्लाझ्मासाठी रात्री-बेरात्री फोन लावत होते, दाते शोधत होते, गाड्या करून नागपूर गाठत होते, कारण चिठ्ठीवर तसे लिहून मिळत होते. राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये, लाट ओसरू लागल्यावर. सात महिने. आपल्याला हवे होते ते उत्तर आले नाही म्हणून उत्तरच ऐकायचे नाही, हा रोग डॉक्टरांना नाही असे कुणी समजू नये.

वाचकाला घरबसल्या काय करता येईल? थोडेच, पण अगदीच काही नाही असे नाही. आपल्याकडे २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि १५ जून २००९ पासून औषध चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे. संगणकावर ती कुणालाही पाहता येते. सुरू करण्याआधी संशोधकांनी काय मोजू म्हटले होते ते तिथे लिहिलेले असते. शेवटी त्यांनी भलतेच मोजून यश जाहीर केले असेल तर ते कळते. आणि कुणीही टक्के सांगितले, की ‘कशाचे टक्के’ हे विचारावे. ही सवय मला सर्वात उपयोगी वाटते आणि तिचे गणित गडचिरोलीच्याच आकड्यांवर करून दाखवता येते.

‘सर्च’ने स्वतः १९९९ मध्ये टक्क्यांबरोबर आणखी एक हिशेब दिला होता, तो भाषणांत कधी ऐकू येत नाही. १८ बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळतो, पोटातले मृत्यू धरून. हा हिशेब ६२ टक्क्यांपेक्षा प्रामाणिक आहे, कारण तो त्या काळच्या परिस्थितीला बांधलेला आहे. तेव्हा हजारात ६२ बाळे जात होती. २०२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ आहे. अकराचे ६२ टक्के म्हणजे सुमारे सात, म्हणजे एक मृत्यू टाळायला दीडशे बाळे. १२ टक्के घट धरली तर साडेसातशेच्या वर. टक्केवारी छापील राहते, तिच्याखालची जमीन सरकते. बाळंतपणे आता बहुतेक रुग्णालयात होतात. आज जी बाळे जातात त्यांत अपुऱ्या दिवसांची आणि अगदी कमी वजनाची पुष्कळ असतात आणि त्यांतली कितीतरी नवजात काळजी कक्षात जातात, घराच्या खाटेवर नव्हे. राज्याची सरासरी अकरा असली तरी धानोरा, एटापल्ली, भामरागड किंवा जिवतीत ती अकरा आहे असे कुणी मानू नये. तिथे जुने गणित अजून बरेच लागू पडत असेल.

केंद्र सरकारने २०११ मध्ये घरच्या घरी नवजात काळजीचा कार्यक्रम आशांमार्फत देशभर नेला. त्याला आधार गडचिरोलीचाच होता. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे, घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटींचे मिळून मानधन २५० रुपये. बॅग-मास्क तिच्याकडे नाही. इंजेक्शन देणे हे बहुतेक ठिकाणी तिचे काम नाही, तिने आजार ओळखायचा आणि बाळ पाठवायचे. तिच्याकडे याखेरीज लसीकरण, क्षयरोग, हिवताप, सर्वेक्षणे आणि येईल ते असते. पावसाळ्यात नाला भरला की सातव्या दिवसाची भेट अकराव्या दिवशी होते आणि रकान्यात सातवाच दिवस लागतो. वरून ते मागितले जाते आणि खालून ते पुरवले जाते.

तेव्हा पुढच्या आढावा बैठकीत कुणी ६२ टक्के म्हटले, तर त्यांना तीन गोष्टी विचारता येतील. आपल्या तालुक्यात पहिल्या आठवड्यातल्या भेटी खरोखर किती झाल्या, हे आशाच्या रजिस्टरवरून नव्हे तर आईला विचारून कुणी पाहिले आहे का. आशाने आजारी म्हणून ओळखलेली किती बाळे प्रत्यक्ष रुग्णालयात पोहोचली आणि किती वेळात. आणि जी गेली, ती घरी गेली, वाटेत गेली की आमच्याकडे येऊन गेली. यांची उत्तरे ‘लॅन्सेट’मध्ये नाहीत, ती तालुक्यातच मोजावी लागतील.